मदत हवी आहे: ज्याच्यावर उपचार करते, त्याच्याच जोखमीचा रिपोर्ट मी लिहिला. आता तो माझ्याशी बोलत नाही

साळुंकी

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज विचारायला आले आहे, कारण कामाच्या ठिकाणी ज्यांना विचारावं ते सगळेच या प्रकरणात कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे आहेत.

मी एका बंदिस्त, कडक सुरक्षा असलेल्या मनोरुग्णालयात वरिष्ठ मानसशास्त्रज्ञ आहे. हातून गंभीर गुन्हा घडलेले आणि मानसिक आजार असलेले पेशंट कोर्टाकडून किंवा तुरुंगातून आमच्याकडे येतात. किती दिवसांसाठी, ते बहुतेकांच्या बाबतीत ठरलेलं नसतं. कैद्याला निदान तारखा मोजता येतात. आमच्याकडे 'जोखीम कमी झाली की' एवढंच उत्तर असतं, आणि ती कमी झाली की नाही हे आमच्यासारखी माणसं कागदावर लिहितात. पुढचं सगळं या कागदावरूनच झालं आहे.

एक पेशंट आहे, त्याला 'क' म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अडीच वर्षं मी त्याला दर गुरुवारी भेटते. पहिले सात-आठ महिने तो फक्त वॉर्डातल्या टीव्हीबद्दल बोलला. मीही टीव्हीबद्दलच बोलले. मग एक दिवस त्याने गुन्ह्याच्या आदल्या रात्रीचं सांगितलं आणि तिथून खरं काम सुरू झालं.

यंदा त्याच्या वार्षिक आढाव्यासाठी जोखमीचं मूल्यमापन करायचं होतं. हे काम करणारी सहकारी नोकरी सोडून गेली आणि तिची जागा भरलेली नाही. 'तुम्हीच त्याला सगळ्यांत जास्त ओळखता' असं म्हणून ते माझ्याकडे आलं. मी नाही म्हटलं नाही. वरिष्ठ झाल्यापासून नाही म्हणायची सवय गेली आहे.

आम्ही एचसीआर-२० वापरतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंसेच्या जोखमीचा अंदाज बांधण्याची ही एक चौकट आहे. तिची पहिली आवृत्ती १९९५ सालची, सध्याची तिसरी २०१३ची. वीस मुद्दे असतात. दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. प्रत्येक मुद्दा 'आहे', 'अंशतः आहे' किंवा 'नाही' एवढंच ठरवायचं असतं. त्यांची बेरीज करायची नसते (मनातल्या मनात सगळे करतात ते सोडा). शेवटचा निर्णय तज्ज्ञाने कारणं देऊन लिहायचा.

मी प्रामाणिकपणे लिहिलं. कमी सुरक्षेच्या वॉर्डात लगेच हलवलं तर जोखीम जास्त, असं लिहिलं. आजही माझं मत तेच आहे.

'क'ने रिपोर्ट वाचला. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मला थांबवून त्याने तीन गोष्टी विचारल्या.

पहिली: "वरचे दहा मी मरेपर्यंत तसेच राहणार ना?" म्हणजे भूतकाळाचे दहा मुद्दे.

दुसरी: "लहानपणी मला मारलं, तेपण माझ्याच खात्यावर?" भूतकाळाच्या दहांतला आठवा मुद्दा आघाताच्या अनुभवांचा आहे. त्याच्यापुढे मी 'आहे' लिहिलं होतं.

तिसरी: "रात्री डोक्यात काय येतं ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." हे सध्याच्या पाच मुद्द्यांपैकी हिंसक विचारांच्या मुद्द्याखाली, दोन ओळींत, छापलेलं होतं.

पहिल्याच भेटीत मी गोपनीयतेच्या मर्यादा सांगितल्या होत्या. सुरक्षिततेशी संबंधित गोष्ट टीमला सांगावी लागते, या कागदावर त्याची सही आहे. नियमाने माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. पण सही अडीच वर्षांपूर्वीची आहे आणि ते वाक्य त्याने चार महिन्यांपूर्वी उच्चारलं. तेव्हा मी 'थांब, हे लिहावं लागेल' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो गप्प बसला असता, आणि मला ते ऐकायचं होतं.

तेव्हापासून चार गुरुवार तो आलेला नाही. वॉर्डात दोन तट पडले आहेत. अर्ध्या नर्सेस म्हणतात, 'बरं झालं, खरा चेहरा दिसला, तुम्ही फार विश्वास ठेवला होता.' अर्ध्या म्हणतात, 'आमचा शांत माणूस तुम्ही बिघडवला.' त्याची रोजची नर्स हँडओव्हरला (पाळी बदलताना) माझ्याकडे बघतही नाही. माझ्या हाताखालच्या दोन ज्युनिअर मुली हे सगळं टिपताहेत. मागच्याच महिन्यात मी त्यांना पेशंटशी नातं कसं जपावं यावर तासभर भाषण दिलं होतं!

प्रश्न असा: हे नातं परत जोडता येतं का? की त्याला दुसऱ्या कुणाकडे सोपवून मी बाजूला होणं हाच प्रामाणिक मार्ग आहे?

---

तर्कट

या क्षेत्रातलं मला काही कळत नाही, पण दोन शंका. एक, जोखीम खरंच जास्त असेल तर तुम्ही चुकलात कुठे? बाहेर आम्हीही राहतो. दोन, तुम्हाला भीती वाटत नाही का?

---

साळुंकी

तर्कट, पहिल्या शंकेशी मी सहमत आहे, म्हणून तर मत बदललेलं नाही.

भीतीचं म्हणाल तर लोकांना वाटते तितकी नाही. कमरेला चाव्या आणि अलार्म असतो, दाराजवळची खुर्ची आपली असते, आत जाण्याआधी आज वॉर्डाचा मूड काय आहे ते विचारायचं असतं. दिवसाचा बराच भाग कंटाळवाणा असतो. मला थकवतात ती दारं. मागचं लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही, आणि दिवसाकाठी असं कितीदा थांबते याचा हिशेब मी सोडून दिला आहे. घरीसुद्धा दार लावून ते ओढून बघते.

---

कडेकडेने

मी कोर्टासाठी मूल्यमापनं करतो, उपचार करत नाही. कारण तेच, जे तुमच्यासमोर उभं आहे. ग्रीनबर्ग हे मानसशास्त्रज्ञ आणि शुमन हे कायद्याचे प्राध्यापक, या दोघांनी १९९७ सालीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे की उपचार करणारा आणि कोर्टासाठी तज्ज्ञ म्हणून मत देणारा या दोन भूमिका एका माणसात नांदत नाहीत. उपचार करणाऱ्याचा अशील पेशंट असतो, मत देणाऱ्याचा कोर्ट. एकाला पेशंटचं म्हणणं समजून घ्यायचं असतं, दुसऱ्याला ते तपासून बघायचं असतं.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ते काम तुम्ही घ्यायलाच नको होतं. जागा रिकामी आहे ही व्यवस्थापनाची अडचण आहे, ती 'क'ने का सोसावी?

---

साळुंकी

राग नाही. पण कोर्टापुढे एकदा मत देऊन निघून जाणं वेगळं आणि त्याच वॉर्डात वर्षानुवर्षं काम करणं वेगळं. इथे रिपोर्ट दुसऱ्याने लिहिला तरी तो माझ्याच नोंदी वाचून लिहिणार. मग 'क'ला काय सांगू, मी नाही लिहिलं, फक्त साहित्य पुरवलं?

---

रातपाळी

साळुंकीताई, मी सव्वीस वर्षं कुलपाच्या वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. मला एकच विचारायचंय. रिपोर्ट त्याच्या हातात कोणी दिला, आणि किती वाजता?

---

साळुंकी

तुम्ही नेमकं तेच विचारलंत.

मी शुक्रवारी दुपारी तो वॉर्डाच्या ऑफिसात ठेवला. सोमवारी त्याच्यासोबत बसून वाचायचं मनात होतं, पण पाकिटावर तसं लिहिलं नाही. संध्याकाळी ड्यूटीवर बदली माणूस होता. त्याने पाकीट 'क'ला देऊन टाकलं. मी घरी होते. शनिवारी मला एका बैठकीसाठी यावं लागलं, तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये भेटला. म्हणजे रात्रभर तो एकटाच ते वाचत होता.

हे मी वर लिहिलं नव्हतं, असं आता लक्षात येतंय.

---

रातपाळी

मग तुमचं दुखणं भूमिकांचं नंतर, आधी पाकिटाचं.

सेफवॉर्ड्स म्हणून एक पद्धत आहे, मनोरुग्ण-परिचर्येचे प्राध्यापक लेन बोवर्स यांनी मांडलेली. तिच्यात वॉर्डात करायच्या दहा गोष्टी आहेत. त्यांतली एक फक्त वाईट बातमीबद्दल आहे: आज कुणाला काय वाईट कळणार आहे ते स्टाफने आधी ओळखायचं आणि त्या वेळी जवळ असायचं. इंग्लंडमधल्या १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांवर तिची चाचणी झाली, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. भांडणं-मारामारीसारखे प्रकार १५ टक्क्यांनी घटले, आणि धरून ठेवणं, कोंडणं असले उपाय २६ टक्क्यांच्या आसपास. ते वॉर्ड साधे तीव्र आजाराचे होते, तुमच्यासारखे नव्हेत. पण शुक्रवारची रात्र सगळीकडे सारखीच. थेरपीवाले घरी, डॉक्टर फोनवर, पेशंट आणि कागद आतमध्ये.

आता करायचं काय? दर गुरुवारी ठरलेल्या वेळी त्याच खोलीत जाऊन बसा. पूर्ण वेळ बसा. तो आला नाही तरी निरोप पाठवू नका, 'का आला नाहीस' तर मुळीच विचारू नका. फक्त नर्सला सांगून ठेवा की मी खोलीत आहे. खुर्ची रिकामी आहे की भरलेली, हे आतल्या माणसांना बरोबर कळतं.

माफी मागाल तर ती पाकिटाची मागा. मताची मागू नका. मताची माफी मागितलीत तर पुढच्या वर्षी तुम्ही 'जोखीम कमी' लिहिलंत तरी तो त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि त्या रोजच्या नर्सशी आधी बोला. शुक्रवारी रात्री त्याच्या दाराबाहेर कोण बसलं होतं ते विचारा. बहुतेक तीच असेल, आणि अजून तिला ते कुणी विचारलेलं नसेल.

---

डॉ_विसराळू

रातपाळीबाईंना +१. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, थोडी भर घालतो.

दोन तटांचं नवल वाटून घेऊ नका. स्टँटन हे मनोविकारतज्ज्ञ आणि श्वार्ट्झ हे समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी १९५४ साली हेच दाखवलं होतं की एखादा पेशंट फार अस्वस्थ झाला की त्याच्यावरून स्टाफमध्ये झाकलेला मतभेद असतो, आणि तो उघड बोलला गेला की पेशंट निवळतो. 'झाकलेला' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्याकडे सगळे हँडओव्हरला गप्प आणि कॉरिडॉरमध्ये बोलके दिसतात. मीटिंग घ्या, दोन्ही तटांना समोरासमोर बोलू द्या, आणि मध्यस्थ म्हणून तुम्ही बसू नका. तुम्ही यात पक्षकार आहात.

रिपोर्टबद्दल: 'जोखीम जास्त' हे दोन शब्द एकटे सोडायचे नसतात. कशाची, कुणाला, कोणत्या परिस्थितीत, आधी काय दिसू लागेल, आणि काय केलं तर टळेल? तिसऱ्या आवृत्तीत तर असे संभाव्य प्रसंग मांडणं हा मूल्यमापनाचाच भाग आहे. तुम्ही लिहिले असतीलच, पण त्याच्यापर्यंत पोचले ते फक्त वरचे दहा. जोडीला सॅप्रॉफ वापरून पाहा. त्यात १७ मुद्दे आहेत, सगळे माणसाला सावरणाऱ्या गोष्टींचे. जो माणूस 'माझं काहीच कमी होणार नाही' म्हणतोय, त्याला वाढू शकणारं काहीतरी कागदावर दिसायला हवं.

---

साळुंकी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशीर झाला, माफ करा.

शुक्रवारी रात्री दाराबाहेर रोजची नर्सच होती, पहाटे साडेतीनपर्यंत. मी विचारलं तेव्हा आधी ती चिडली, मग खुर्ची ओढून बसली. त्याने रिपोर्ट तिला मोठ्याने वाचून दाखवला होता आणि प्रत्येक पानानंतर 'हे खरंय का' असं विचारत होता. तिला मूल्यमापनाचं काही शिकवलेलंच नाही, ती काय सांगणार? आता वॉर्डातल्या सगळ्यांसाठी मी एक तास ठेवला आहे. या वेळी भाषण नाही, नुसते प्रश्न.

मीटिंग झाली. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने चालवली. गोड अजिबात नव्हती. 'तुम्ही वरिष्ठ लोक लिहून घरी जाता' हे तीनदा ऐकलं. ज्युनिअर मुलींपैकी एकीने नंतर सुपरव्हिजनमध्ये (कामावर चर्चा करायच्या आमच्या बैठकीत) विचारलं, "ते वाक्य ऐकताना तुम्ही त्याला थांबवायला हवं होतं का?" मी हो म्हटलं. आता गोपनीयतेची आठवण महिन्यातून एकदा आणि प्रत्येक अवघड विषयाच्या तोंडाशी, असं मी स्वतःसाठी ठरवलं आहे. त्यामुळे काही गोष्टी मला कधीच ऐकायला मिळणार नाहीत, हे मान्य करून.

कडेकडेने, तुमचं अर्धं पटलं. पुढचं मूल्यमापन त्याच दुसऱ्या विभागातला सहकारी करेल. माझी माहिती मी लेखी देईन आणि ती आधी 'क' वाचेल, माझ्यासमोर, दिवसाउजेडी.

दोन गुरुवार मी रिकाम्या खुर्चीसमोर बसले. पन्नास मिनिटं फार मोठी असतात. तिसऱ्या गुरुवारी तो दहा मिनिटं उशिरा आला, रिपोर्ट घेऊन. पाकिटाबद्दल मी माफी मागितली. त्यावर तो काही बोलला नाही. मग त्याने चौथं पान उघडलं. त्याच्या एका जुन्या नोकरीचा कालावधी मी चुकीचा लिहिला होता, फाइलमधून जसाच्या तसा उतरवलेला. त्याने तीन वर्षं टिकवलेली नोकरी आमच्याकडे सहा महिन्यांची झाली होती, आणि ही चूक बहुधा वर्षानुवर्षं एका रिपोर्टातून दुसऱ्यात जात होती. जुन्या कागदांवरून खात्री करून मी दुरुस्तीची पुरवणी जोडली. निष्कर्ष बदलला नाही, पण वरच्या दहांतला एक मुद्दा 'आहे'वरून 'अंशतः'वर आला. ते दहा मरेपर्यंत हलत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर माझंही.

पुढच्या गुरुवारी आठव्या मुद्द्यापासून सुरुवात करायची, असं त्यानेच ठरवलं आहे. 'जिथे पटत नाही तिथे मी खुणा करणार' म्हणाला. वॉर्डात पेन मोजून देतात आणि मोजून परत घेतात, त्यामुळे ते मलाच न्यावं लागेल. दोन नेईन.