वितळलेल्या पाण्यावरून ग्रीनलंडचा बर्फ खरंच घसरतोय का?

उत्तरवारा (धागाकर्ता)

ग्रीनलंडवरच्या बातम्यांत एक वाक्य हमखास सापडतं. पृष्ठभागावर वितळलेलं पाणी भेगांतून तळाशी जातं, बर्फ आणि खडक यांच्यामध्ये वंगणाचं काम करतं, आणि ओल्या फरशीवरच्या साबणाच्या वडीसारखी अख्खी हिमचादर समुद्राकडे सुटते. हे चित्र चटकन डोळ्यांसमोर उभं राहतं, म्हणूनच ते इतकं टिकलंय. माझं म्हणणं असं, की जमिनीवरच संपणाऱ्या बर्फापुरतं तरी ते आता निकालात काढावं. त्याच्यामुळे खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

कल्पना हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करतो. पश्चिम ग्रीनलंडमधल्या स्विस कॅम्प या संशोधन तळावरची मोजमापं जे झ्वाली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. हिवाळ्यात दिवसाला ३१ सेंटिमीटर सरकणारा बर्फ उन्हाळ्यात ४० सेंटिमीटरपर्यंत पोचत होता. किलोमीटरभर जाडीच्या बर्फाला वर पडलेल्या उन्हाची खबर त्याच मोसमात खाली लागते, हे तेव्हा धक्कादायक होतं. मग पुढचं गणित सगळ्यांनीच मांडलं : ऊब वाढली की पाणी वाढणार, पाणी वाढलं की वेग वाढणार, वेगानं खाली आलेला बर्फ आणखी उबदार हवेत येऊन आणखी वितळणार.

गोम अशी की बर्फाचा वेग पाणी किती आलं यावर ठरत नाही, तळाशी दाब किती झाला यावर ठरतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खडकालगतच्या वाटा अरुंद असतात. पाणी तुंबतं, दाब चढतो, बर्फ किंचित उचलला जातो आणि खडकावरची पकड ढिली होते. पण पाणी येतच राहिलं तर ते स्वतःच्या उष्णतेनं बर्फात बोगदे कोरतं. निचरा सुरू झाला की दाब उतरतो आणि वेगही. आजूबाजूच्या पोकळ्यांतलं पाणीसुद्धा हे बोगदे ओढून घेतात, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात बर्फ नेहमीपेक्षा हळू चालतो. नैर्ऋत्य ग्रीनलंडच्या सुमारे ८,००० चौरस किलोमीटर भागाची उपग्रहचित्रं टेडस्टोन आणि सहकाऱ्यांनी तपासली (२०१५). वितळण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलेलं, तरी २००७ ते २०१४ मधला वेग १९८५ ते १९९४ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी!

वंगणाचा सिद्धांत खरा असता तर आकडा उलटा दिसायला हवा होता.

तळखडक

असहमत. तुम्ही खालच्या कडेचा बर्फ घेतलात आणि निकाल सगळ्या चादरीवर लावलात.

बोगदे टिकतात ते बर्फ पातळ असतो तिथे. जाड बर्फाचं वजन बोगदा दाबून बुजवत असतं. काठावर, पाचेकशे मीटर जाडीखाली, वाहतं पाणी या दाबणीवर मात करतं. आतल्या भागात दीड किलोमीटर बर्फ वर असेल तर बोगदा रुंदावण्याआधीच आवळला जातो. म्हणजे ज्या निचऱ्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त आहात, तो आतल्या भागात तयारच होणार नाही. आणि वितळण्याची रेषा दर दशकात वर, आतल्या बाजूला सरकतेय.

दुसरं म्हणजे ख्रिश्चन शूफ यांनी २०१० मध्ये गणितानं दाखवलं होतं, की संथ आणि सतत पुरवठा झाला तर बोगदे वेग कमी करतात, पण पाणी झटक्यात आलं तर वेग वाढतोच. बोगद्याला रुंदावायला वेळ लागतो, पाण्याला यायला लागत नाही. २०११ च्या ऑगस्टअखेरीस पश्चिम ग्रीनलंडवर आठवडाभर पाऊस झाला आणि मोठ्या भागात बर्फ वेगानं पळाला, कारण तोवर मोसम संपत आल्यानं खालच्या वाटा मिटू लागल्या होत्या. १४ ऑगस्ट २०२१ ला तर हिमचादरीच्या माथ्यावर, ३,२०० मीटर उंचीवरच्या समिट स्टेशन या संशोधन तळावर पाऊस पडला. असा पाऊस वाढत गेला तर तुमची १९८५ पासूनची सरासरी पुढच्या काळाला कितपत लागू पडेल?

आणि २००६ मधलं, ग्रीनलंडच्या बर्फावर साचलेलं तळं विसरू नका. साडेपाच चौरस किलोमीटरचं, ९८० मीटर बर्फ फोडून दीड तासाच्या आत रिकामं झालं. सरासरी प्रवाह नायगारापेक्षा मोठा होता. तिथला बर्फ मीटरभर वर उचलला गेला.

उत्तरवारा

त्या तळ्याची गोष्ट अर्धीच सांगितलीत. पुढच्या २४ तासांत बर्फ पुन्हा खाली बसला आणि वेगही उतरला. घटना थरारक आहे, पण वर्षाच्या हिशेबात तिचं वजन नगण्य.

आतल्या भागाचा मुद्दा गंभीर आहे, पण तिथं पाणी तळापर्यंत जायला भेग पडायला हवी आणि भेग पडायला बर्फात ताण हवा. साधारण १,६०० मीटर उंचीच्या वर तो ताण फारसा नसतो. तिथलं पाणी पृष्ठभागावरून नद्यांनी वाहत खालच्या विवरांत येतं, म्हणजे जिथे बोगदे आधीच आहेत तिथेच.

तळखडक

ताण स्थिर धरून चालताय तुम्ही. खाली एक तळं फुटलं की बर्फ हलतो, त्या हलण्यानं वरच्या बाजूला भेग पडते, तिथलं तळं फुटतं. अशी साखळी संगणकी प्रतिरूपांत आणि निरीक्षणांत दोन्हीकडे दिसली आहे. शिवाय भेगांत गोठणारं पाणी उष्णता सोडतं, त्यानं बर्फ आतून उबदार होतो आणि उबदार बर्फ सहज वाहतो. वंगण काढून टाकलंत तरी हा परिणाम उरतोच की.

आकडेमोड

दोघांचं वाचून एवढंच वाटलं, की मग आरडाओरडा कशासाठी? एक म्हणतोय बर्फ मंदावला, दुसरा म्हणतोय कदाचित पुढे पळेल. १९९२ ते २०१८ या काळात ग्रीनलंडनं समुद्रपातळीत ११ मिलिमीटरसुद्धा भर घातलेली नाही. जाकोब्सहाव्न ही तिथली सगळ्यात वेगवान हिमनदी. ती २०१६ नंतर मंदावली, पुढच्या टोकाला जाडही झाली. या बातम्या मात्र कुणी मथळ्यात छापत नाही. निसर्ग स्वतःला सावरतो, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

निळंतळं

आकडेमोड, जाकोब्सहाव्न मंदावली कारण डिस्को उपसागरातलं पाणी तेव्हा थंड झालं होतं. १९९० च्या दशकाअखेर कोमट पाणी आलं तेव्हा तिचा वेग दुपटीच्या आसपास गेला होता. यात बर्फानं स्वतःला कुठे सावरलं? समुद्राच्या मर्जीप्रमाणे ती चालली.

आणि ११ मिलिमीटरचा हिशेब नीट मांडा. साधारण ३६० अब्ज टन बर्फ म्हणजे जगभरच्या समुद्रात एक मिलिमीटर. त्या २६ वर्षांत ग्रीनलंडनं सुमारे ३,९०० अब्ज टन गमावला. एकट्या २०१९ मध्ये ५३० अब्ज टन, म्हणजे एका वर्षात जवळजवळ दीड मिलिमीटर. १९९२ पासूनची सरासरी काढलीत की ही वाढ त्यात बुडून जाते.

आता धागाकर्त्याकडे वळते. त्या ३,९०० अब्ज टनांपैकी साधारण अर्धा वाटा पृष्ठभागाच्या वितळण्याचा आणि अर्धा हिमनद्या वेगानं समुद्रात उतरल्याचा. पहिल्या वाट्याला वंगणाची गरजच नाही, पाणी सरळ वाहून जातं. तुमचं म्हणणं मला इथवर पटतं. पण दुसऱ्या वाट्यातही वितळलेल्या पाण्याचा हात आहे, आणि त्यावर तुम्ही दोघं एक अक्षर बोलला नाहीत. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीखालून हे गोडं पाणी फ्योर्डच्या, म्हणजे कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद, खोल खाडीच्या तळाशी बाहेर पडतं. खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं ते बर्फाच्या भिंतीला लागून उसळत वर येतं आणि खोलातलं कोमट पाणी भिंतीवर ओढून आणतं. भिंत खालून कोरली जाते, वरचे कडे कोसळतात, मागच्या बर्फाचा आधार जातो. खडकावरच्या घर्षणाचा इथे संबंधच नाही!

अंटार्क्टिकात तर आणखी वेगळं. लार्सन बी हे तरंगतं हिमपटल २००२ च्या सुरुवातीला महिन्याभरात ३,२०० चौरस किलोमीटरनं फुटलं. त्याआधी ते पाण्याच्या तळ्यांनी भरलं होतं, त्या पाण्यानं भेगा तळापर्यंत चिरल्या. तरंगता बर्फ फुटल्यानं समुद्र वाढत नाही, पण त्याच्या मागे अडलेल्या काही हिमनद्या पुढच्या वर्षाभरात आठपट वेगानं धावल्या. दक्षिणेकडे हिमपटलाचा तुकडा शिल्लक होता, तिथल्या हिमनद्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. इतका स्वच्छ पुरावा निसर्ग क्वचित देतो.

आकडेमोड

आठपट कशाच्या? लहान हिमनद्या होत्या त्या. आयपीसीसीचाच (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची शास्त्रज्ञांची समिती) ताजा अंदाज पाहा : उत्सर्जन सर्वाधिक राहिलं तरी २१०० पर्यंत ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, आणि त्यातला सगळ्यात मोठा एकच वाटा समुद्राचं पाणी तापून फुगल्याचा. हाताळता येईल असा आकडा आहे.

निळंतळं

त्याच अहवालात हेही लिहिलंय, की हिमचादरींच्या नीट न समजलेल्या प्रक्रियांमुळे २ मीटरची शक्यता नाकारता येत नाही. ते वाक्य तुम्ही गाळलंत. २००७ च्या अहवालात बर्फाच्या वेगात होणारे झपाट्याचे बदल अंदाजातून बाहेरच ठेवले होते, कारण ते मोजायचे कसे हेच ठरलं नव्हतं. आकडा लहान दिसला तो त्यामुळे.

उत्तरवारा

निळंतळं, फ्योर्डचा मुद्दा मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या परिच्छेदातलं 'जमिनीवरच संपणाऱ्या बर्फापुरतं' हे शब्द त्यासाठीच आहेत. खरा धोका दुसरीकडे म्हणालो तो हाच. लोक वंगणाबद्दल बोलत राहतात आणि फ्योर्डच्या तळाशी किती अंशाचं पाणी आहे हे कुणी विचारत नाही.

तळखडक

मला एक सरळ उत्तर द्या, उत्तरवारा. कोणतं मोजमाप समोर आलं तर आतल्या भागाबद्दलचं तुमचं मत बदलेल?

उत्तरवारा

१,८०० मीटरच्या वर सलग दहा वर्षं वेग वाढता दिसला आणि ती वाढ हिवाळ्यातही टिकली, तर.

तळखडक

१,८४० मीटरवर, काठापासून १४० किलोमीटर आत, २००९ ते २०१२ दरम्यान वेग दरवर्षी थोडाथोडा वाढत गेल्याचं डॉइल आणि सहकाऱ्यांनी मोजलंय. चारच वर्षं आहेत, ठीक. पण ती चारही तुमच्या विरोधात जाणारी आहेत.