मदत हवी आहे : येळ्ळूरात घरातल्या तिघांना कुठल्या सायकली घेऊ?

नमस्कार मंडळी,

दिवाळीआधी सायकली घ्यायच्या आहेत. बेळगावात दुकानं फिरलो, पण जाईल तिथं एकच माल पुढे करतात : जाड टायर, पुढे सस्पेन्शन, भडक स्टिकर. "घरात सगळ्यांना हीच चालते" म्हणतात. मला ते पटत नाही.

लेक आठवीत, उंची चार फूट नऊ इंच. वडगावच्या शाळेला जाणार, पाठीला जड दप्तर. २००६-०७ पासून कर्नाटकात सरकारी शाळेत आठवीला सायकल मिळायची ना, तसली माझ्या बहिणीची लेडीज सायकल अजून पडवीत आहे. लेकीला बसवून बघितलं. सीट पार खाली केली तरी खालचं पॅडल गाठायला तिला कंबर एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला झुकवावी लागते. आई म्हणते, वाढतं वय आहे, मोठीच घे. मला भीती वाटते.

बाबा पासष्टीचे. शेताकडं जायला सायकलच हवी, पण गुडघे दुखतात, दांड्यावरून पाय टाकता येत नाही. धोतर नेसतात.

मी उद्यमबागेत कामाला. रोज डांबरी रस्ता, पावसाळ्यात खड्डे, आणि रविवारी राजहंसगडाची चढण चढायची हौस आहे.

तिघांचं काय करू, सांगा.

प्रतिसाद, टिळकवाडीहून

लेकीला मोठी अजिबात घेऊ नका. ब्रेक मारून सीटवरून पुढं उतरल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, गर्दीत तोल त्यावरच सांभाळायचा असतो. २४ इंची चाकाची बघा. दांडा असलेली असेल तर दुकानातच दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन तिला उभी करा, वर दोनेक इंच मोकळं राहायला हवं. उंची वाढेल तशी सीट वर करता येते, फ्रेम मात्र लहान करता येत नाही. दप्तरासाठी मागं कॅरिअर बसवून घ्या.

तुम्हाला हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलीच्या मधली. ७००सी मापाची मोठी चाकं, ३५ ते ३८ मिमी रुंद टायर, पुढे साधा फोर्क (चाक धरणारा चिमटा). स्वस्तातलं सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं, चढणीला दम तिथंच जातो. गुठळ्यांचे जाड टायर डांबरावर ओढतात. मागं मोठा दातेरी गिअर आहे का बघून घ्या, गड त्याच्यावरच चढायचा. पावसात डिस्क ब्रेक बरा, रिम भिजली तरी पकडतो.

प्रतिसाद, खानापूरहून

बाबांना नवी कशाला ओ? पडवीतली लेडीजच द्या की. दांडा खाली असतो, पाय उचलावा लागत नाही. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर बदला, चेनला तेल द्या. चेनकव्हर नसेल तर बसवा, नाहीतर धोतर अडकतंय. मुख्य म्हणजे सीट. आपल्याकडं म्हातारी माणसं सीट खाली ठेवतात आणि गुडघा जास्त वाकून भार तिथंच येतो. टाच खालच्या पॅडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा, एवढी वर घ्या. सुरुवातीला भिववतंय, म्हणून थोडी थोडी वर करत न्या. गुडघ्याची दुखणी जुनी असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

धागाकर्ता

बाबांचं तर मनातच आलं नव्हतं, फार आभार. आईलाही हे वाचून दाखवलं. ७००सीची ट्यूब येळ्ळूरात मिळेल का?

टिळकवाडीहून

गावातल्या पंक्चरवाल्याकडं असेलच असं नाही. सायकल घ्याल त्याच दिवशी दोन जास्तीच्या ट्यूब घेऊन ठेवा, आणि पंपाचं तोंड ट्यूबच्या व्हॉल्वला बसतंय का, दुकानातच बघा.