मदत हवी आहे: महालक्ष्म्यांचा फुलोरा आणि प्रॅडर-विली असलेला मुलगा

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे. पंधराव्या गुणसूत्राचा वडिलांकडून येणारा एक भाग नसतो किंवा काम करत नाही, त्यातून हे होतं. दहा ते तीस हजारांत एखादं मूल असं जन्मतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही, त्यामुळं भूक कायम पेटलेली. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) शरीराला उष्मांक मात्र बरोबरीच्या पोरांपेक्षा कमीच लागतात. तान्हा असताना हेच लेकरू इतकं लुळं होतं की अंगावर ओढायचं नाही, चमच्यानं दूध पाजायचो. तेव्हा सगळे म्हणायचे, याला खाऊ घाला. आता खाऊ देत नाही म्हणून मी बोलणी खाते.

रोजचं गणित बसवलंय. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. किराणा दुकानदाराला सांगून ठेवलंय, शाळेत खिचडी बाईंच्या नजरेखाली मोजून मिळते. तरी गोठ्यातली सरकी पेंड खाताना सापडलाय, कच्चं पीठ, देवापुढची साखर. खिशातले पैसे उचलतो आणि विचारलं तर तोंडावर नाही म्हणतो. जेवण थोडं जरी पुढं गेलं तरी आधी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, मग आवाज चढतो, मग अंग टाकून देणं, चावणं, हाताला येईल ते फेकणं. शांत झाला की रडतो, गळ्यात पडतो. हातापायावरच्या जखमा उकरत बसतो, त्यामुळं त्या भरून येत नाहीत. एरवी इतका मायाळू आहे, आणि जिगसॉ कोडी तर मोठ्यांना लाजवील अशी लावतो.

आता मुद्दा. आमच्याकडं उभ्या महालक्ष्म्या असतात. ज्यांच्या घरी असतात त्यांना सांगायला नको: समोर लाडू, करंज्या, अनारशांच्या राशी, वर तळलेल्या पदार्थांचा फुलोरा टांगलेला, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, आणि अर्धं गाव जेवायला. तीन दिवस हे सगळं माजघरात उघडं. देवीला कुलूप कसं लावणार? गेल्या वर्षी रात्रीतून निम्मा फुलोरा गेला. जाऊबाई म्हणाल्या, नैवेद्याआधी उष्टं केलं. मी त्याला अडवलं तर सासूबाई सगळ्यांसमोर, “वर्षाचा सण हाय, लेकराला उपाशी मारायलीस का?” पाहुण्यांचं तर वेगळंच. प्रत्येकजण “एकच घे रे बाळा” म्हणून हातावर लाडू ठेवतो. एकच देणारे पन्नास असतात.

फराळ मांडायची काही वेगळी रीत कुणी केलीय का? तीन दिवस त्याला मामाकडं पाठवावं का? पाहुण्यांना काय सांगायचं? सण बंद करा असं कृपया सांगू नका. ते मला करायचं नाही, आणि घरात चालायचंही नाही.

— अनारसा_जाळीदार

खरंबोलू: स्पष्ट लिहितो, राग मानू नये. लहानपणापासून लाड केले की असंच होतं. दोन दिवस खरंच उपाशी ठेवा, सरळ होईल. आमच्या वेळी असले सिंड्रोम नव्हते.

सीनाकाठ: वरच्या प्रतिसादाकडं दुर्लक्ष करा. हा आजार १९५६ पासून वैद्यकीय पुस्तकांत आहे, म्हणजे बहुतेक यांच्या वेळीही होता.

माझी मुलगी सतरा वर्षांची, तिलाही हेच आहे. राहतो धाराशिव जिल्ह्यात. इतक्या वर्षांत एकच गोष्ट पक्की कळली. पुढचं खाणं कधी आणि काय, याची तिला पक्की खात्री पाहिजे. मधल्या वेळेत काही मिळण्याची तिळभरही आशा नको. मग अपेक्षाभंगाचा प्रश्नच येत नाही. भडका उडतो तो “मिळेल की नाही” या मधल्या जागेत. म्हणून पाहुण्यानं एक लाडू दिला की नुकसान फक्त त्या लाडवाच्या उष्मांकांचं होत नाही. आज नियम वाकतो हे तिला समजतं, आणि उरलेला दिवस ती तो वाकवत बसते.

महालक्ष्म्यांचं आम्ही असं करतो. समोरचा फराळ राशींनी न मांडता काचेच्या दाराच्या कपाटात मांडतो, दिवे आत, कपाटाला कुलूप. बायका उलट म्हणतात, काय सजावट केलीय! फुलोरा दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या वेळी बांधतो आणि आरती झाली की उतरवून आत. आईला पटायला वेळ लागला, पण रोज मुलीचा तमाशा बघण्यापेक्षा तिला हेच बरं वाटलं. सणाच्या दिवशी तिचं ताट सगळ्यात आधी, ठरलेल्या वेळेला. त्यात पुरणपोळी असते, पण अर्धी, आणि ती अर्धी आहे हे तिला आठवडाभर आधीपासून माहीत असतं. पंगत पुढं गेली तरी तिची वेळ हलत नाही. नैवेद्याआधी कसं जेवायचं म्हणणाऱ्यांसाठी एक वाटी आधीच देवीपुढं ठेवतो. देवी समजून घेते, पाहुणे समजून घेत नाहीत.

माहेरवाशीण_नांदेड: माझ्या भाच्याला असंच आहे. मी तर म्हणते मामाकडं पाठवाच. आम्ही पाठवतो, सगळ्यांचा जीव वाचतो.

सीनाकाठ: तुमच्याकडं चालत असेल, आमच्याकडं उलटं झालं. नवी जागा, नवं स्वयंपाकघर, कुलूप नाही, आणि मामी लाडाची. या मुलांना बदल सोसत नाही. शिवाय घरात सण असताना आपल्याला हाकललं हे त्यांना समजतं.

विशेष_शिक्षिका: माझं मत दोघांच्या मधलं. पाठवायचंच असेल तर नैवेद्याच्या दिवशी फक्त गर्दीच्या तासांपुरतं, ओळखीच्या घरी, आणि आधी चित्रांच्या वेळापत्रकावर दाखवून. पण मी असते तर त्याला घरातच काम दिलं असतं. सोळा पदरी दोरे, वाती, वस्त्रमाळ. हात गुंतले की जखमा उकरणंही कमी होतं. “उकरू नको” म्हणून हात ओढण्यानं ते वाढतंच. नखं बारीक कापा, जखम झाकून ठेवा. बक्षीस म्हणून खाणं कधीच नको. त्याला कोडी आवडतात ना, सणासाठी नवं कोडं आणून ठेवा. आणि भडका उडाला की समजावत बसू नका. त्या वेळी त्याच्यापर्यंत शब्द पोचत नाहीत. पोरंटोरं बाजूला करा, कमी बोला, ओसरू द्या. काय झालं होतं ते नंतर वहीत लिहा: आधी काय घडलं, कुठं, कोण होतं, नंतर काय मिळालं. ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

बालरोग_मराठवाडा: एक गोष्ट ठळकपणे लिहितो. या मुलांना उलटी सहसा होत नाही आणि पोटदुखीही फारशी जाणवत नाही. सणात एकदम खूप खाल्लं आणि नंतर पोट फुगलं, उलटी झाली किंवा एरवी हपापलेलं मूल जेवायला नको म्हणालं, तर घरगुती उपाय करत थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. जठराला गंभीर इजा होऊ शकते. हे सासूबाईंनाही सांगा. “उपाशी ठेवते” याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

औषधाचं कुणी विचारेलच, म्हणून: अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये डायझॉक्साइड कोलीन या गोळीला या भुकेसाठी मंजुरी मिळाली, चार वर्षांपुढच्या रुग्णांना. रक्तातली साखर वाढू शकते, त्यामुळं हार्मोनच्या डॉक्टरांशिवाय विचारही नको. ग्रोथ हार्मोन (वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं) चालू नसेल तर त्याची चौकशी करा: २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात त्यासाठी प्रॅडर-विलीचा उल्लेख आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं केंद्र आहे. अपंगत्व प्रमाणपत्रात बौद्धिक अक्षमता असेल तर एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही मिळतो.

अनारसा_जाळीदार: सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “मग त्या लाडवाचं ताट आधी उचल की.” कपाटाची कल्पना धाकट्या दिराला आवडलीय. पाहुण्यांसाठी असं ठरवलंय की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मुलांना खाऊऐवजी रंगखडू द्यायचे, म्हणजे दारातच लाडू फिरणार नाहीत. जेवणाऱ्यांना आमंत्रण देतानाच सांगायचं की याला काही द्यायचं असेल तर माझ्या हातात द्या. वाईट वाटेल त्यांना वाटू दे.

सीनाकाठ, एक शंका. आमचा पोरगा चिडला की पाट फेकतो. काच फुटली तर?

सीनाकाठ: काच नकोच मग. फ्लेक्स-बोर्ड बनवणाऱ्यांकडं ॲक्रिलिकचा जाड पत्रा मिळतो, मापानं कापून देतात. बिजागऱ्या बाहेरून बसवू नका, पेचकस सापडला की उघडतात. आमच्या बाईसाहेबांनी उघडलंय.