सगळ्या मुलांचं काम एकसारखं दिसतंय, काय करावं?

प्रश्न:
उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. रसवंतीगृहासाठी बोधचिन्ह करायला दिलं होतं. कामं भिंतीवर लावली तर बहुतेकांचा हिरवा ग्लास, उसाचं पान आणि तीच गोलगोल अक्षरं. पिंटरेस्टवर चाळलं की हेच सापडतं. मुलं कष्टाळू आहेत, चोरीचा हेतूही नाही. वर्गात मोबाइल बंदच करू का?

उत्तर:
मोबाइल काढून घेतलात तर त्या जागी बघायला काय देणार? खऱ्या रसवंतीत तासभर बसवा, वही-पेन्सिल घेऊन. पिळलेलं चिपाड दुमडून पुन्हा चरकात कसं जातं, आलं-लिंबू कधी सारतात, चरकाला घुंगरू का बांधलेत, पाटीवर ‘नवनाथ’ किंवा ‘कानिफनाथ’च का, हे मालकांनाच विचारू दे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने भारत सरकारला दिलेला अहवाल जरूर वाचा, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था त्यातूनच उभी राहिली. त्यात साध्या लोट्याबद्दल किती प्रश्न आहेत! पाणी किती आणायचं, डोक्यावर की कमरेवर, भरल्यावर तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते. मी पहिल्या तासाला मुलांकडून एखाद्या वस्तूबद्दल असेच प्रश्न लिहून घेतो. चित्र नंतर.

हाच विषय मीही दिला होता. एका मुलीने पानंच्या पानं नुसती चरकाची आणि घुंगरांची रेखाटनं केली आणि शेवटी ‘रसवंती’तल्या ‘वं’वरचा अनुस्वारच घुंगरू झाला. हे तिला मी सुचवलेलं नव्हतं, आणि मी सुचवायलाही नको होतं. मास्तरच कल्पना पुरवायला लागले की वर्गभर मास्तरांचीच कामं दिसतात.

आणखी एक उत्तर:
पटलं, पण गिरवण्याला कमी लेखू नका. ती गोल अक्षरं म्हणजे पुष्कळदा रोमन अक्षरांचे तुकडे शिरोरेषेला टांगलेले असतात. तिरपा कापलेला बोरू हातात द्या, जुन्या पोथीतला ‘क’ गिरवायला लावा. जाड-बारीक कुठून येतं ते हाताला कळलं की मग मोडतोड करू दे.

प्रश्नकर्ती:
पण गुण? परीक्षक तर शेवटचा छापील कागदच बघतात.

उत्तर:
अंतर्गत गुणांतले निम्मे वहीला द्या, आणि तसं विषय देतानाच सांगा. परीक्षेच्या दिवशी वही कामाशेजारी उघडी ठेवायला लावा. परीक्षकही चाळतात, माझ्याकडे चाळलीय.