हीट पंप बसवला, पण वीज जास्त लागते आणि घरही नीट तापत नाही

मूळ प्रश्न (कोमट_घर)

जुना गॅस बॉयलर काढून आम्ही बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा १२ किलोवॅटचा हीट पंप बसवला. रेडिएटर पूर्वीचेच आहेत. बसवणाऱ्याने रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५५ अंशांवर लावून दिले आणि त्याला हात लावू नका, असे बजावले. बॉयलरच्या काळातल्या सवयीप्रमाणे आम्ही यंत्र सकाळी तीन आणि संध्याकाळी पाच तास चालवतो. कालच्या नोंदीनुसार ३० युनिट वीज खर्चून ६९ युनिट उष्णता मिळाली, म्हणजे गुणोत्तर जेमतेम २.३. थंडी कमी असली की कॉम्प्रेसर दर सात-आठ मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होतो. शिवाय पारा शून्याजवळ आला की बाहेरच्या युनिटचा पंखा मध्येच थांबतो आणि पांढरा लोट उठतो. यातले बिघाड कोणते आणि नेहमीचे कोणते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (तापमापी)

तुमचा मुख्य शत्रू ते ५५ अंश आहेत. बाहेरची हवा आणि आतले पाणी यांच्या तापमानात जितके अंतर जास्त, तितके कॉम्प्रेसरला कष्ट जास्त. पाणी एका अंशाने कमी तापवले तर साधारणपणे दोन-अडीच टक्के वीज वाचते. आमच्याकडेही पहिल्या वर्षी ५५ अंशच होते. नंतर सगळ्या रेडिएटरच्या झडपा पूर्ण उघडल्या, यंत्र दिवसरात्र चालू ठेवले आणि दर दोन दिवसांनी पाणी दोन अंशांनी उतरवत ४३ पर्यंत आलो. गुणोत्तर २.४ वरून ३.२ वर गेले.

दिवसातून दोनदा चालवण्याची सवय मात्र सोडावी लागेल. थंड पडलेल्या भिंती आठ तासांत पुन्हा तापवायच्या तर कडक पाणी लागणारच. बाहेरच्या तापमानानुसार पाणी आपोआप कमी-जास्त तापवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती चालू आहे का, हे आधी पाहा.

रेडिएटरबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. खोली २० अंशांवर असताना रेडिएटरमधल्या पाण्याचे सरासरी तापमान ७० वरून ४५ वर आणले, तर त्याच रेडिएटरमधून सुमारे ४० टक्केच उष्णता मिळते. त्यामुळे एखादी खोली मागे पडेल. त्या एका खोलीसाठी अख्ख्या घराचे पाणी तापवण्यापेक्षा तिथे दुहेरी पत्र्यांचा मोठा रेडिएटर लावणे परवडते.

उत्तर (चाळणी)

वरील मताशी सहमत, पण कॉम्प्रेसरच्या चालू-बंदचे कारण वेगळे असावे, असे मला वाटते. खोलीनिहाय उष्णतेची गळती मोजून १२ किलोवॅट ठरवले होते, की जुन्या बॉयलरवरचा आकडा पाहून? बॉयलरची क्षमता बहुधा नळाला तत्काळ गरम पाणी मिळावे म्हणून मोठी ठेवलेली असते; घर उबदार ठेवायला तेवढी लागत नाही. सौम्य दिवशी घराला दोन किलोवॅट पुरत असतील आणि यंत्र चारच्या खाली उतरूच शकत नसेल, तर थांबत थांबत चालण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. झडपा उघड्या ठेवल्याने फिरणारे पाणी वाढते आणि हा त्रास बराच कमी होतो. यावर पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये गरम पाणी साठवणारी मधली टाकी बसवण्याचा सल्लाही मिळेल, पण घाई करू नका, कारण टाकीची जोडणी चुकली तर परतीचे गार पाणी गरम पाण्यात मिसळते आणि पंपाला पाणी आणखी तापवावे लागते.

आणि चाळणी उघडून पाहिलीत का? आमच्या नळीतल्या चाळणीत जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ बोटभर साचला होता. ती धुतल्यावर मागच्या दोन खोल्या त्याच संध्याकाळी तापल्या.

उत्तर (दंव)

पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे, वाफ आहे. बाहेरची कॉइल (हवेतली उष्णता शोषणाऱ्या नळ्या) हवेपेक्षा काही अंश गार असते, त्यामुळे हवा तीन-चार अंशांवर असतानाही तिच्यावर बर्फ धरतो. तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते, पंखा थांबवते आणि घरातल्या पाण्याची उष्णता कॉइलकडे वळवते. शून्याच्या आसपासच्या दमट दिवशी हे जास्त वेळा घडते. कडाक्याच्या कोरड्या थंडीत उलट कमी.

खरी काळजी त्या वितळलेल्या पाण्याची घ्या. आमच्याकडे ते पायवाटेवर वाहायचे आणि पहाटेपर्यंत तिथे काचेसारखा थर जमायचा. एकदा मी दूध आणायला निघालो आणि थेट पाठीवर पडलो. आता युनिटखाली खड्डा खणून त्यात खडी भरली आहे.

मूळ प्रश्नकर्ता (कोमट_घर)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पाणी ४६ अंशांवर आणले, यंत्र अखंड चालू आहे, आणि तशाच थंडीच्या दिवसाचे गुणोत्तर ३ पर्यंत आले. चाळणीतून चमचाभर गाळ निघाला. कॉम्प्रेसर आता सौम्य दिवशीही एका दमात अर्धा तास चालतो. फक्त उत्तरेकडची लहान खोली १७ अंशांच्या वर जात नाही, तिथला रेडिएटर बदलणार आहोत.

एक शंका राहिली. अंघोळीच्या पाण्याची टाकी आम्ही ४८ अंशांवर ठेवतो, पण लीजिओनेला जिवाणूंच्या भीतीने आठवड्यातून एकदा ती ६० पर्यंत तापवली जाते आणि त्या दिवशी गुणोत्तर घसरते. हे काम तुमच्याकडे हीट पंपच करतो, की टाकीतला विजेचा हीटर?

उत्तर (तापमापी)

५५ पर्यंत पंप, पुढचे पाच अंश हीटर. तेही दुपारी, बाहेरची हवा सर्वांत उबदार असताना.