मॉड्रिचचं उदाहरण आपल्या पोट्ट्यांच्या कामाचं आहे का?

कापूसकोंड्या (पांढरकवडा)
माझं मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत बक्षीस गोल मारणाऱ्याला मिळतं, म्हणून जो तो पोट्टा फॉरवर्ड, म्हणजे पुढे गोल मारणारा. मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळ जुळवायला, उरलासुरला उभा करतात. माझ्या मते तिथंच आपली किरकोळ अंगाची पण तल्लख पोरं चमकतील, आणि त्यांना दाखवायला मिडफिल्डर लुका मॉड्रिचएवढं चांगलं करिअर दुसरं नाही. १९८५ चा जन्म, क्रोएशियातलं झादर. १९९१ मध्ये युद्धात आजोबा मारले गेले, घर सुटलं, निर्वासितांनी भरलेल्या हॉटेलात लहानपण गेलं. दिनामो झाग्रेब या क्रोएशियन क्लबनं घेतलं, तरी आधी बोस्नियाच्या लीगमध्ये उसना धाडला. २००८ ला इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, २०१२ ला स्पेनचा रियाल माद्रिद. तिथं पहिल्याच वर्षी 'मार्का' या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं! २०२५ ला क्लब सोडला तेव्हा नावावर २८ चषक, क्लबच्या इतिहासात तोवर कोणाचेच एवढे नव्हते.

खापरखेडा_लोकल
भाऊ, काहून पोट्ट्यायचं डोकं फिरवून राहिले? उमेश यादव आमच्या इकडचाच, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, टीम इंडियात गेला. विदर्भानं रणजी तीनदा मारली: २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५. इथं वाट मळलेली हाय. तुमच्या फुटबॉलात काय हाय? २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हंजे देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, हंगामच लटकवला, काही क्लबांनी पगार थांबवले. तिथं पोचलेल्यायचीच हे गत, तं आपल्या पोट्ट्यानं कोणाच्या भरोशावर जावं?

कामठीवाली
खापरखेडा भाऊ, मळलेल्या वाटेवर गर्दी किती आहे तेही सांगा ना. आणि क्रिकेटच्या किटचा खर्च? आमच्या कामठीत एका चेंडूवर बावीस जण संध्याकाळ काढतात.
पण कापूसकोंड्या, तुम्ही फक्त दुःख आणि चषक सांगितले, खेळ राहूनच गेला. चेंडू पायाशी यायच्या आधी मॉड्रिच मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतो, म्हणून त्याला अंगाची झोंबाझोंबी करावीच लागत नाही. २०१४ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल आठवा. समोरचा ॲटलेटिको एका गोलनं पुढे, नव्वद मिनिटं संपून भरपाईची मिनिटं सुरू, कॉर्नर मॉड्रिचचा, हेडरनं बरोबरीचा गोल त्याच्याच संघातल्या रामोसचा. फोटो रामोसचे छापले गेले. २०२२ ला चेल्सीविरुद्ध पायाच्या बाहेरच्या कडेनं रॉड्रिगोला दिलेला पास तर मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते. मान वळवायला ना पैसा लागतो ना अकादमी. शाळेच्या मैदानावर आजपासून शिकवता येतं.

वकील_वणीकर
सगळे गोड बोलून राहिले, म्हणून थोडं कडू. मॉड्रिच टॉटनहॅमला विकला गेला त्या व्यवहारातला पैसा कुठे गेला, यावर क्रोएशियात खटला चालला. दिनामोचा सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच याला २०१८ मध्ये क्लबच्या पैशांच्या अपहाराबद्दल तुरुंगाची शिक्षा झाली. मॉड्रिच साक्षीदार होता. त्याच्यावरच खोट्या साक्षीचा आरोप ठेवला गेला, पुढे त्याच वर्षी तो रद्द झाला. म्हणजे ज्या वर्षी बॅलन डी'ओर, जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, त्याच वर्षी कोर्टाचं झंझट. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची ही कथा, तर सतराव्या वर्षी सही करणाऱ्या आपल्या पोराचा करार कोण वाचणार? बाप तर बँकेच्या पीक कर्जाचे कागदही न वाचता अंगठा देतो.

कापूसकोंड्या
वकीलसाहेब, मुद्दा मान्य. पण मग करार वाचायला शिकवू, खेळ कशाला सोडायचा? खापरखेडावाल्यांना एवढंच, क्रोएशियाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आसपास. आपला एकटा नागपूर जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ४६ लाखांच्या वर होता. तो देश २०१८ ला वर्ल्ड कपच्या फायनलला गेला, २०२२ ला तिसरा आला.

खापरखेडा_लोकल
लोकसंख्येनं फुटबॉल होत असता तं आपण कधीचेच वर्ल्ड कप नेले असते ना भाऊ! त्यायच्याकडे लहान पोट्ट्यायचे संघ हायेत, कोच हायेत, दर आठवड्याले मॅच हाय. आपल्याकडे तालुक्याची शालेय स्पर्धा, दोन मॅच, हरले की खेळ पुढच्या साली. एवढ्यात कोणता मिडफिल्डर घडते? मैदान तं लग्नाच्या मांडवाले देऊन टाकतेत.

कामठीवाली
हे मात्र खरं बोललात. मॅचच नाहीत.

धानवाला_गोंदिया
मधीच बोलतो. माह्या पुतण्याले मॉड्रिच होयाचं नाही, पोलीस व्हायचंय. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण हाय, फुटबॉलच्या प्रमाणपत्रावर बी मिळते म्हणतेत. पडताळणी कुठं करा लागते, कोणाले माहीत हाय काय?

वकील_वणीकर
विभागीय क्रीडा उपसंचालकांचं कार्यालय. भरतीची जाहिरात निघायची वाट पाहू नका, आत्ताच अर्ज टाका. प्रमाणपत्र कोणत्या स्तराचं आहे ते मेसेज करा.