सर्व्हरचं फर्मवेअर: चालतंय तोवर हात लावू नये, की ठरल्या वेळी बदलावंच?

तारेवरची_कसरत

ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच दर महिन्याला लावायचे, पण बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड), डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्या फर्मवेअरला, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरला, काही बिघडल्याशिवाय हात लावायचा नाही, असा शिरस्ता अनेक ठिकाणी आहे. तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा.

पहिलं कारण. फर्मवेअरमधल्या काही चुका घड्याळ लावून बसलेल्या असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल (सर्व्हरच्या डिस्कचा एक प्रकार) सूचना काढली होती. एचपीडी८ या आवृत्तीच्या आधीचं फर्मवेअर असेल, तर एकूण ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डिस्क कायमची बंद पडते. डिस्कही जाते आणि तिच्यातला डेटाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. १६ बिटांच्या चिन्हांकित मोजणीत हा आकडा मावत नाही. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी अशीच सूचना आली, तिथे मर्यादा ४०,००० तासांची होती. एका रेडमधल्या सगळ्या डिस्क बहुधा एकाच दिवशी सुरू झालेल्या असतात, त्यामुळे त्या जवळजवळ एकाच वेळी जातात. रेड ६ मध्ये २ डिस्क गेलेल्या चालतात, ८ नाही. इथे ‘बिघडल्यावर बघू’ म्हणण्यात अर्थच उरत नाही.

दुसरं कारण माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं आहे. ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) आणि फर्मवेअर ही जोडी आहे. तुम्ही फर्मवेअरला हात लावत नाही, पण ऑपरेटिंग सिस्टीमच्या पॅचबरोबर ड्रायव्हर पुढे सरकतच असतो. म्हणजे ‘आम्ही काही बदलत नाही’ म्हणणाऱ्यांकडेही जोडीतला एक जण बदललेला असतो आणि ती नवी जोडी कुणी एकत्र तपासलेली नसते.

माझा प्रस्ताव: निर्मात्याने एकत्र तपासलेला संच वर्षातून दोनदा लावावा, गंभीर सुरक्षा दुरुस्ती मात्र लगेच.

स्थितप्रज्ञ

असहमत. मी चालत्या गाड्याला खीळ न घालण्याच्या मताचा आहे, आणि त्यामागे आळस नाही.

जानेवारी २०१८ आठवा. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीच्या दुसऱ्या प्रकारासाठी इंटेलचा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला, निर्मात्यांनी तो बायोसमध्ये घालून दिला आणि ब्रॉडवेल व हॅसवेल प्रोसेसरची यंत्रं अधूनमधून आपोआप रीबूट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच हा मायक्रोकोड लावणं थांबवा असं सांगितलं. बायोस मागे घेतले गेले. ज्यांनी घाई केली त्यांना ३ आठवड्यांत दोनदा बंद काळ घ्यावा लागला.

फर्मवेअर बदलताना मागे येण्याची वाट अरुंद असते. व्हर्च्युअल मशीनचा (आभासी संगणकाचा) स्नॅपशॉट, म्हणजे परत येण्यासाठी त्या क्षणाची प्रत, घेता येतो, रेड कंट्रोलरच्या चिपचा घेता येत नाही. अनेक निर्माते सुरक्षा दुरुस्तीनंतर जुन्या आवृत्तीवर परत जाणं मुद्दाम बंद करतात. पुढे गेलात की गेलात.

आणि एचपीईचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या डिस्क वाचल्या त्या निर्मात्याची सूचना वाचून, कॅलेंडर बघून नव्हे. माझा नियम सोपा: सूचनांची ईमेल सेवा सुरू ठेवा, प्रत्येक प्रकाशन टीप (नव्या आवृत्तीतल्या बदलांची माहिती) वाचा, आपल्याला लागू होणारी चूक त्यात असेल तरच हात लावा.

निळी_वायर

स्थितप्रज्ञ, तुमचा नियम टीप नीट लिहिलेली असेल तरच चालतो. बऱ्याच टिपांमध्ये ‘स्थैर्यात सुधारणा’ एवढी एकच ओळ असते. त्यावरून आपल्याला लागू आहे की नाही हे कसं ठरवणार?

जोडीच्या मुद्द्याचं ठोस उदाहरण देतो. इंटेलच्या एक्स७१० कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर सुरू होताना कार्डावरच्या एनव्हीएमची (फर्मवेअर साठवणाऱ्या मेमरीची) आवृत्ती तपासतो. ती अपेक्षेपेक्षा नवी असेल तर ‘ड्रायव्हर नवा घाला’ आणि जुनी असेल तर ‘एनव्हीएम नवं करा’, असे दोन वेगवेगळे संदेश लॉगमध्ये येतात. हा संदेश दिसत असूनही लिंक चालू असते, त्यामुळे कुणी बघत नाही. मग लिंक मध्येच पडू लागली की केबल आणि स्विचवर वेळ जातो.

तपासायला एक मिनिट लागतं. लिनक्सवर ईथटूल कमांडला ‘आय’ हा पर्याय दिला की ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती आणि फर्मवेअरची आवृत्ती एकाखाली एक येतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायजरवर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) ईएसएक्ससीएलआयच्या नेटवर्क विभागात एनआयसीची माहिती मागितली की तेच मिळतं. हे दोन आकडे घेऊन हायपरवायजरच्या सुसंगतता यादीत जा. व्हीसॅन (अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून सामायिक स्टोरेज) वापरत असाल तर तिथे डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर जोडीनेच नोंदलेले असतात. जोडी यादीत नसेल तर सपोर्टचा पहिला प्रश्न त्यावरच येतो.

लिनक्सवर स्टोरेजचा ड्रायव्हर हाताने बदलणाऱ्यांसाठी: तो बदलल्यावर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चढणारी, ड्रायव्हर असलेली फाइल) पुन्हा बांधायला विसरू नका. फाइल नवी बसलेली असते, पण बूट होताना जुनीच चढते, आणि मॉडइन्फो ही कमांड मात्र डिस्कवरच्या फाइलचा नवा आकडा दाखवते. खरं काय चढलं आहे ते सिसएफएसमध्ये किंवा बूटच्या लॉगमध्ये बघा.

मागचं_दार

तुम्ही दोघंही सगळ्या फर्मवेअरला एका पिशवीत घालताय. आयलो, आयड्रॅक, एक्सक्लॅरिटी, मेगारॅक अशा नावांनी येणारी, सर्व्हर दुरून सांभाळणारी व्यवस्थापनाची चिप, म्हणजे बीएमसी, वेगळी काढा. तिच्याबाबतीत वाद घालण्यासारखं काही नाही.

आयलो ४ मधली सीव्हीई-२०१७-१२५४२ ही नोंदलेली सुरक्षा त्रुटी घ्या. एचटीटीपीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा पाठवलं की पासवर्डशिवाय प्रशासकाचे अधिकार मिळत. दुरुस्ती २.५३ या आवृत्तीत आली. मार्च २०२५ मध्ये एएमआयच्या मेगारॅकमधली सीव्हीई-२०२४-५४०८५ जाहीर झाली. तीही पासवर्ड ओलांडणारी, तीव्रता १० पैकी १०. जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. बीएमसीच्या हाती पॉवर बटण, कन्सोल आणि आभासी सीडी असते. ती दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर वरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे सगळे पॅच व्यर्थ.

आणि हे फर्मवेअर बदलायला सहसा सर्व्हर बंदही करावा लागत नाही. चिप स्वतः पुन्हा सुरू होते, काही मिनिटं कन्सोल नसतो, पंखे जोरात फिरू शकतात, पण वरचं काम चालू राहतं. एक सापळा मात्र आहे: क्लस्टरचं (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांचं) फेन्सिंग, म्हणजे बिघडलेला नोड बळजबरीने बंद करणं, बीएमसीमार्फत होत असेल, तर त्या मिनिटांत ते चालत नाही. म्हणून २ नोडच्या क्लस्टरमध्ये दोन्ही बीएमसी एकदम बदलायच्या नाहीत. एक परत आली, फेन्सिंगची चाचणी झाली, मग दुसरी.

बीएमसीचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवणं आवश्यकच आहे. पण ते पॅचच्या जागी चालत नाही, कारण तेवढ्या एका व्हीलॅनमध्ये कुणी शिरलं की सगळे सर्व्हर एका ओळीत समोर उभे असतात.

स्थितप्रज्ञ

बीएमसीबद्दल तुमचं पटलं, तो अपवाद मान्य. डिस्कचाही मान्य, कारण तिथे चुकीची किंमत डेटा आहे. बायोसबद्दल मात्र मी हलत नाही. मायक्रोकोड हवा असेल तर लिनक्स आणि विंडोज दोन्ही तो बूट होताना प्रोसेसरमध्ये चढवतात. बायोसला हात लावायची गरज नाही, आणि नको असेल तर जुनं पॅकेज घालून परत येता येतं.

एकच_सर्व्हर

क्लस्टर नसलेल्यांचं काय? एकच सर्व्हर, वर विंडोज सर्व्हर आणि हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचा हायपरवायजर), बूट डिस्कवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन), रात्रीचे ४ तास मिळतात. ३ वर्षांत काहीच बदललेलं नाही. सुरुवात कुठून करावी?

निळी_वायर

तुमच्यासारख्या ठिकाणी क्रमाला फार महत्त्व आहे, म्हणून सविस्तर.

आठवडाभर आधी सध्याच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी काढा (आयड्रॅकवर रॅकअ‍ॅडमची एसडब्ल्यूइन्व्हेंटरी ही कमांड हे काम करते). बायोसच्या आणि रेडच्या सेटिंगची निर्यात करून ती फाइल सर्व्हरच्या बाहेर ठेवा. बॅकअप आहे एवढं पुरत नाही, त्यातलं एक व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे उभं करून बघा. प्रत्येक भागाच्या टिपेत ‘या आवृत्तीवर जाण्याआधी अमुक आवृत्ती आवश्यक’ असं वाक्य शोधा. ३ वर्षांची उडी एकदम घेता येत नाही असे भाग असतात, तिथे मधली पायरी लागते.

बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर हाताशी असू द्या. संरक्षण तात्पुरतं थांबवताना रीबूटची संख्या सांगता येते. सांगितली नाही तर ती १ धरली जाते, आणि या कामात सर्व्हर ३-४ वेळा रीबूट होतो. दुसऱ्या रीबूटला टीपीएमची (बूटची खातरजमा करणाऱ्या चिपची) मोजमापं बदललेली दिसतात आणि स्क्रीनवर किल्ली मागितली जाते. संख्या ० दिली तर आपण परत सुरू करेपर्यंत थांबलेलंच राहतं. शेवटी ते सुरू करणं यादीत लिहून ठेवा.

त्या रात्री काहीही बदलण्याआधी सर्व्हर एकदा नुसता रीबूट करा. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. ३ वर्षं न थांबलेल्या यंत्रात आधीच मरू घातलेली डिस्क किंवा मेमरीची पट्टी त्या वेळी उघडी पडते. ती आधीच कळली तर फर्मवेअरवर खापर फुटत नाही आणि काम तिथेच थांबवता येतं. रेडचं रीबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा बांधणं) किंवा पॅट्रोल रीड (डिस्कची मागे चालणारी तपासणी) चालू असेल तर तेही आधी पूर्ण होऊ द्या.

मग आधी बीएमसी, कारण पुढचे संच तीच तपासून चढवते. त्यानंतर बायोस, रेड कंट्रोलर, डिस्क आणि नेटवर्क कार्ड. कार्ड व कंट्रोलरचे ड्रायव्हर त्याच रात्री, त्याच संचातले. निर्मात्याने दुसरा क्रम दिला असेल तर तोच पाळा. सीपीएलडी (बोर्डावरची वीज चालू होण्याचा क्रम सांभाळणारी चिप) असेल तर शेवटी आणि एकटी, तिला वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी लागते.

बायोसनंतरच्या पहिल्या बूटला मेमरीचं प्रशिक्षण (मेमरीच्या पट्ट्यांशी सिग्नलची वेळ जुळवणं) नव्याने होतं. मेमरी भरपूर असेल तर १० मिनिटं किंवा जास्तही स्क्रीन काळी राहू शकते. याच काळात पॉवर बटण दाबल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. बीएमसीच्या कन्सोलवर पोस्ट कोड (सुरू होण्याच्या टप्प्याचा क्रमांक) हलतोय का ते बघत बसा.

सगळं उठल्यावर ४ गोष्टी. निर्यात केलेली सेटिंग आणि आताची सेटिंग यांची तुलना, विशेषतः वीजवापराचा प्रोफाइल, व्हर्च्युअलायझेशन आणि बूटचा क्रम. रेडची कॅश राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहिणारी, वेगवान) आहे की बॅटरी शिकत असल्याने, म्हणजे तिची क्षमता-चाचणी चालू असल्याने, राइट-थ्रू (थेट डिस्कवर लिहिणारी) झाली आहे. नेटवर्कचा वेग पूर्वीचाच आहे ना, आणि हायपर-व्हीचा स्विच त्याच कार्डाला बांधलेला आहे ना. शेवटी बीएमसीचा इव्हेंट लॉग.

४ तासांतले २ संपले आणि बायोस अजून बाकी असेल तर त्या रात्री बायोस करू नका. उरलेला वेळ परतीसाठी राखीव आहे.

स्थितप्रज्ञ

यादी उत्तम आहे, आणि तीच माझं म्हणणं सिद्ध करते. एका सर्व्हरसाठी एवढी तयारी वर्षातून दोनदा कुणाकडून होणार? होत नाही, मग अर्धवट केली जाते, आणि अर्धवट केलेलं काम न केलेल्यापेक्षा धोक्याचं. बीएमसी आणि डिस्क वर्षातून दोनदा, बायोस गरजेपुरता, हेच एका माणसाच्या विभागाला झेपेल.

तारेवरची_कसरत

अर्धवटचा मुद्दा गंभीर आहे, तो मी मानतो. पण ‘बायोस गरजेपुरता’ म्हणताना गरज कशाला म्हणायची? ऑपरेटिंग सिस्टीम चढवते तो फक्त प्रोसेसरचा मायक्रोकोड. यूईएफआयमधल्या, म्हणजे आजच्या बायोसमधल्या, चुका तशाच राहतात. सिक्युअर बूटचंच (सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणाऱ्या सोयीचंच) बघा: मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून आणि ऑक्टोबर २०२६ अशी आहे. मुदत संपली म्हणून सर्व्हर बूट व्हायचा थांबत नाही, पण नव्या २०२३ च्या प्रमाणपत्रांशिवाय बूटच्या पातळीवरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. आणि त्यातली केईके ही किल्ली बदलायला निर्मात्याच्या सहीचा संच लागतो. जुन्या बायोसवर हे अडलं, तर ती गरज त्या दिवशी उभी राहते, आणि तेव्हा ३ वर्षांची उडी घ्यायची असते.

पॅच_मंगळवार

क्लस्टरवाल्यांसाठी दोन शब्द. एक होस्ट आधी करा, त्यावर खरा भार टाकून आठवडाभर ठेवा, मग बाकीचे. पण या आठवड्यात एक गोष्ट लक्षात असू द्या: नव्या मायक्रोकोडमुळे प्रोसेसरची नवी वैशिष्ट्यं दिसू लागली, तर त्या होस्टवर सुरू झालेली व्हर्च्युअल मशीन जुन्या होस्टवर जिवंत, म्हणजे बंद न करता, हलत नाहीत. ईव्हीसीसारखी (सगळ्या होस्टवर प्रोसेसरची सारखीच वैशिष्ट्यं दाखवणारी) मर्यादा घातलेली असेल तर ती काय लपवते ते आधी तपासा.

आणि ‘१,००० दिवस न थांबलेला सर्व्हर’ हा अभिमानाचा विषय नाही. एएमडीच्या ७००२ मालिकेच्या एपिक प्रोसेसरमध्ये १४७४ क्रमांकाची नोंदलेली चूक आहे: शेवटच्या रीसेटनंतर साधारण १,०४४ दिवसांनी एखादा कोर सीसी६ या झोपेतून उठत नाही. उपाय दोनच, त्याआधी रीबूट करा किंवा सीसी६ बंद करा. काहीच न करणं हासुद्धा एक निर्णय असतो आणि त्यालाही मुदत असते.

स्थितप्रज्ञ

रीबूट नियमित करा, याला माझा पूर्ण पाठिंबा. तो फर्मवेअर न बदलताही करता येतो. बायोसबद्दल एवढंच मान्य करतो: वर्षातून एकदा, आणि बाहेर येऊन किमान ४५ दिवस झालेली आवृत्ती. २०१८ चा तो मायक्रोकोड एवढ्या दिवसांत मागे घेतला गेला होता.

मागचं_दार

४५ दिवस बायोसला ठीक. बीएमसीला नको. दुरुस्ती बाहेर आली की जुन्या आणि नव्या फाइलमधला फरक काढून त्रुटी नेमकी कुठे होती ते हल्लेखोरालाही शोधता येतं. तिथे ७ दिवसांच्या पुढे मी थांबणार नाही.